दर दुसऱ्या हाकेला

मंगळवार, १४ फेब्रुवारी
दुपार, भांडी आवरल्यावर

लाडके भिंगरे,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मीही कुरकुरते, म्हणजे जोडी जमलीय. तू वेळेवर जेवतेस ना? राहू दे, खोटं बोलायला लावत नाही.

तुझा प्रबंध टपालाने आला. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. चौदा महिन्यांचा अबोला पाकिटातही पाळलास! मी त्याला खाकी कव्हर घातलं, तुझ्या शाळेच्या पुस्तकांना घालायचे तसं. आतली आकडेमोड म्हणजे मुंग्यांची रांग. पण शेवटचं एक पान आपल्या भाषेत आहे, ते तीनदा वाचलं.

निसर्गाला म्हणे सगळ्या जागा सारख्या आणि सगळ्या वेळाही सारख्या. तरी पाणी गोठलं की त्यातले कण आपापली जागा धरून बसतात, आणि जागांचा सारखेपणा मोडतो. काही वस्तू तर वेळेचाही मोडतात. दर ठोक्याला ढकला, त्या आपल्या दर दुसऱ्या ठोक्यालाच साथ देणार.

अगं बये, एवढ्यासाठी नऊ वर्षं घालवलीस? तशी एक वस्तू आपल्याच घरात शिलाई मशीनवर बसलेली होती, तुझे बाबा! मी हाक मारली, "जेवायला चला," की "आलोच!" आणि मशीन चालूच. दुसरी हाक मारली की मशीन बंद. चाळीस वर्षांत एकदा चुकलं नाही. मग तूही तशीच झालीस आणि मीही. पहिल्या हाकेला उठणं आपल्या घरात कुणाला ठाऊकच नाही.

अजून मी जेवताना दोन हाका मारते. शेजारीण विचारते, "मावशी, कुणाला बोलावता?" मी म्हणते, "मांजराला." मांजर नाहीच आपल्याकडे. ती बिचारी रोज दूध आणून ठेवते, मी पिते.

बघ, कशी टाळतेय. आता लिहितेच.

मी तुला सांगितलं होतं, "तुझी शेवटची परीक्षा होईपर्यंत आजारपणाचं कळवू नको, असं बाबांनीच बजावलं." त्यांचं ऐकलंस कशाला, म्हणून तू माझ्याशी बोलणं सोडलंस. भिंगरे, त्यांनी असं काही बजावलं नव्हतं. दवाखान्यात, सोमवारी सकाळी, ते म्हणाले, "पोरीला बोलाव." मी म्हटलं, "करतेच फोन." आणि सफरचंद सोलत बसले. मनात आलं, पुन्हा म्हणतील तेव्हा करू, तोवर परीक्षाही उरकेल.

पुन्हा ते म्हणालेच नाहीत.

मेलेल्या माणसावर ढकलून मी मोकळी झाले. आता तू रागाव, भांड, पण समोर बसून भांड. खुर्चीवरच्या कुंड्या हलवून ठेवल्यात.

ये. ही पहिली हाक आहे, बाळा. दुसरीची वाट बघू नकोस.

तुझी,
सफरचंद सोलत बसलेली
आई