गॉझमधून गाळलेली दारू

९ जानेवारी १९६१, सोमवार

शी! अजून तोंडातून वास जात नाही. कडुलिंबाची काडी चावली, मीठ चोळलं, चुळा भरल्या. तरी आहेच.

आज मी दारू प्याले. मी! लिहितानाही किळस येते.

डॉक्टर पांढरीपांड्यांना घशात गाठ आहे. काही गिळता येत नाही. पातळ पेज चमच्याने द्यायची, अर्धी ओठांतून परत वाहते, ती पुसायची. त्याची मला कधी किळस आली नाही. त्यांच्याच दवाखान्यात मी नर्सचं काम शिकले. आता दवाखाना बंद, तर त्यांचंच करायचं. पण आज त्यांचा वकील मुलगा कोर्टाच्या कामाने दारव्ह्याला गेला, आणि म्हातारा म्हणतो, "हंसा, पलंगाखालची ट्रंक ओढ."

ट्रंकेत लोकरी कोटात गुंडाळलेली बाटली. फ्रान्सची, द्राक्षाची, लाल. लेबलावर साल १९२९. कोणी इंग्रज सिव्हिल सर्जन जाताना देऊन गेला म्हणे. "इतकी वर्षं जपली. ही असती तर आम्ही दोघांनी..." पुढचं खोकल्यात गेलं. बाईसाहेबांना जाऊनही किती काळ झाला.

आणि हेच डॉक्टर दारूबंदीची भाषणं देत तांड्या-तांड्यावर फिरले! यांनीच माझ्या नवऱ्याला, फुलसिंगला, अख्ख्या तांड्यासमोर शपथ घ्यायला लावली. त्याने ती मोडली तेव्हा मला यांनीच सांगितलं — "शुद्धीत नसलेल्या माणसापाशी राहू नकोस." म्हणून तर दोन वर्षं झाली, मी माहेरी, आईजवळ, माझ्या याडीजवळ. आणि यांच्या पलंगाखाली हे!

"ठेवून द्या," म्हटलं. ऐकेनात.

बूच भुसभुशीत झालेलं. कात्रीच्या टोकाने उकरलं तर अर्धं आतच पडलं. शेवटी गॉझच्या जाळीदार कापडातून गाळली, पेज गाळते तशी. वर काळपट गाळ राहिला — जखमेच्या पट्टीवर वाळलेल्या रक्तासारखा. कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या जिभेवर फिरवला. डोळे मिटून पडले. मग डोळ्यांतून पाणी. "काही लागत नाही गं. जीभ मेली माझी. तू घे. घे, आणि मला सांग."

नाही म्हटलं तर हात जोडले त्यांनी! अर्ध्या दिग्रसची बाळंतपणं केलेले हात.

घेतला घोट. आधी गंजलेलं लोखंड. मग ओल्या पोत्याचा वास, सडकी जांभळं, आणि जीभ आखडली — कच्चं टेंभराचं फळ चावल्यासारखी. सांगितलं तसंच्या तसं. म्हातारा हसायला लागला! "आणखी? मागून काय येतं? थांब, घाई नको." थांबले. मागून काहीतरी आलं खरं. सुकलेल्या फुलांसारखं. कोणत्या फुलांचं ते सांगता येईना, म्हणून पुन्हा एक घोट घेतला.

तेवढ्यात मुलगा दारात. माझ्या हातात पेला.

१० जानेवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

मुलगा ओरडला, "आजारी माणसाच्या उशाशी बसून दारू पितेस?" मी डॉक्टरांकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता. आवाज बसलाय, पण माझ्याशी बोलत होतेच ना! आणि हात तर हलतो! त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

भिंतीकडे!

दारूची किळस ती काय? थुंकली की गेली. हे कसं थुंकू?

११ जानेवारी

गावभर झालं. नळावर बाया बाजूला सरकल्या. "दारूपायी नवऱ्याले सोडलं, अन् सोता पाहा!" याडी तर तोंडाजवळ येऊन वास घेऊन गेली. माझी आई!

१३ जानेवारी

मुलगा स्वतः आला. आज 'हंसाबाई' म्हणाला. "बाबा कोणाच्याच हातून पेज घेत नाहीत. झालं गेलं विसरा, चला."

"त्यांनी खरं सांगितलं का तुम्हाले?"

"कसलं खरं?"

दार लावून घेतलं. पेज कोण गाळत असेल? गुठळी राहिली की ठसका लागतो त्यांना. मरू दे! — नाही. मरू दे असं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आता हे आणखी! फुलसिंगने डॉक्टरांच्या दारापुढे उभं राहून तमाशा केला. बाजाराची माणसं गोळा झाली. याडी धावत सांगायला आली — "म्हणे, 'माही बायको दारूले शिवत नाई! पेणारा मी हाओ. मले म्हणा काय म्हणाचं ते!'"

"पेऊन होता?"

"नाई वं. शुद्धीत होता."

पेऊन असता तर बरं झालं असतं. शुद्धीत उभं राहून माझ्यासाठी भांडला, आणि ते खोटं. स्वतःचीच शिसारी आली. तीळगूळ तोंडात घालवेना.

१६ जानेवारी

पहाटे डॉक्टर गेले. न बोलता गेले.

आता खरं सांगणारी मी एकटी. माझं कोण ऐकणार? रडू आलं. अशा माणसासाठी रडू यावं याचीही चीड आली. मग उठून गॉझच्या पट्ट्या उकळत ठेवल्या. कोणासाठी, माहीत नाही.

१८ जानेवारी

फुलसिंग आला. दारातच उभा. आत बोलावलं आणि सांगून टाकलं — "मी खरंच पेली. दोन घोट."

खाली बसला.

"म्हंजे म्या लोकायपुढं खोटं बोललो."

"हो."

"बोललो तं बोललो," म्हणाला.

जेवायला थांबला.