साखरेचं बोट

शनिवार, १ मार्च २०१४
बकुळच्या रक्तात शिसं निघालं! अडीच वर्षांची नात माझी – आणि शिसं! डॉक्टर म्हणाला, “बाबूजी, घर में ही कहीं से जा रहा है.” जुना रंग, कल्हईची भांडी, काजळ – बघा म्हणाला. कुठे कुठे बघू?
तिचं पोट आजही दुखत होतं. मारुतीला शेंदूर लावला, दर शनिवारसारखा. तिच्याही कपाळाला लावला, जरा जास्तच. त्याच बोटाने प्रसादाची साखर भरवली. बोट चाटूनपुसून साफ केलं लबाडाने! किती दिवसांनी हसली.

२ मार्च
काजळाची डबी फेकली. रंगीत लाकडी पोपट फेकला. कल्हईची पातेली कबाडीला दिली. सूनबाई ओरडली, “आबा, अब बस! स्वयंपाक कशात करू, तुमच्या टोपीत?”

५ मार्च
सूनबाई मृणालिनी बकुळला घेऊन लखनौला गेली, माझ्या मुलाच्या, दत्तात्रेयच्या, बँकेच्या क्वार्टरमध्ये. घर निर्मळ होईपर्यंत तिथेच म्हणे. रिक्षात बसतानाही पोरीचं एकच – “आबा, बोट!”

१५ मार्च
शनिवार. शेंदूर लावला, दुप्पट. साखरेचं बोट सवयीने पुढे केलं. समोर कोणी नाही. मीच चाटलं.

२ एप्रिल
रंगारी खिडक्यांचा जुना रंग काढून गेला. आज दिवसभर कोणाशी बोललो नाही. दूधवाल्याशी – “आधा लीटर.” एवढंच.

१० मे
फोन आला! शिसं निम्म्यावर उतरलं! पुढच्या शनिवारी येतायत. पायऱ्या स्वतः धुतल्या. कंबर गेली – जाऊ दे.

१५ मे
उद्या-परवाची तयारी म्हणून शेंदूर आणायला गेलो. दुकानदाराला बजावलं, भेसळ नको, नातीच्या कपाळाला लागतो. तो छाती फुगवून म्हणाला, “एकदम असली है चाचा! सीसा भूनकर बनता है. हाथ में लेकर देखिए, कितना भारी!”
हातात घेतला. खरंच जड होता. सीसा – म्हणजे शिसंच.
दुकानाबाहेरच्या लाकडी चौकीवर बसून राहिलो. माझंच बोट. दर शनिवारी. ती आजारी पडली तशी जास्त जास्त.
गुपचूप बंद केलं तर कोणाला कळणार? रंगावर ढकलता येईल. आणि सांगितलं तर – आणतील का तिला माझ्याजवळ?

१६ मे
फोन करून सूनबाईला सगळं सांगितलं. तिच्या हातून फोन ओढून बकुळच – “आबा, बोट दे ना!”
मी हात पाठीमागे लपवला. फोनवर होतो, तरी.