जीपच्या तळाला काळं

आबा, तुमची जीप आता माझ्याकडं आहे आणि तिचा आतला तळ मी काळा करून घेतला आहे. हे आधीच सांगते, कारण यातलं काहीही तुम्हाला आवडणार नाही, आणि ते तुम्हाला आवडणार नाही हेच मला आवडतं. तुम्ही गेल्यापासून ती शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्यांखाली उभी होती. कुणी तिला हात लावत नव्हतं. यंदा दादा ती भंगारात घालायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, मला दे. सासरचं आमचं डाळजचं रान उजनी धरणाच्या पाणफुगवट्याला लागून आहे. पाणी उतरलं की वाटेवर नुसता काळा चिखल उरतो, पेरूचे क्रेट काढायला टेम्पो आत यायला धजत नाही. चारही चाकांनी ओढणारी गाडी हवीच होती. कारण खोटं नाही. पण शेडमध्ये तिच्या बॉनेटवरची धूळ पुसताना माझ्या मनात पेरू नव्हते.

इंजिनाचं काम झाल्यावर ती बारामतीला एमआयडीसीजवळ एका गॅरेजवाल्याकडं नेली. गाड्यांचं आतलं काम तो करतो. त्यानं तुमचा बदामी गालिचा उचलला तर तो हातातच सुटून आला, आणि खालच्या पत्र्याचे पापडासारखे तुकडे पडायला लागले. पुढच्या डाव्या सीटखाली जुनं ठिगळ होतं, वेल्डिंग करून बसवलेलं, आणि त्याच्याभोवती चाळणी. त्यानं बोटानं तो गंज खरवडला आणि म्हणाला, "ताई, गाडी कोकणातली हाय का? समुद्राजवळच्या गाड्यांना असा गंज धरतो." मी म्हटलं, "नाही, भवानीनगरच्या बाजूची." मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. ज्या गालिच्याला तुम्ही देवासारखं जपलंत, त्यानंच पाणी धरून ठेवून तुमची गाडी खाल्ली, असं समजून मी उभ्या उभ्या हसले.

सडलेला पत्रा कापून नवा बसवायला तो तयार झाला. प्रश्न होता त्यावर काय घालायचं याचा. त्यानं आधी मॅटचे नमुने मांडले, मऊ, चामड्यासारखे, शिलाई घातलेले. त्यातला एक बदामीच होता. मी तो हातात घेतला आणि विचारलं, "यावर रक्त सांडलं तर निघतं का?"

तो दचकला. "असं अशुभ कशाला बोलता ताई?"

"निघतं का तेवढं सांगा."

"शिलाईत मुरतं," तो म्हणाला. "वास ऱ्हातो."

मी तो नमुना बाजूला ठेवला. मग त्यानं डांबरी रंग दाखवला, ब्रशनं मारायचा, गाडीखाली मारतात तो. पण इंदापूरच्या उन्हाळ्यात तो मऊ पडतो आणि चपलेला चिकटतो. मग नक्षीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. तो दिसायला दणकट, पण खाली फट राहते, फटीत पाणी जातं आणि वर कुणी आडवं पडलं तर पाठ सोलून निघते. "आडवं कोण पडणार हाय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पुढचं दाखवा. शेवटी त्यानं कोपऱ्यातल्या एका पिकअपचा हौदा दाखवला. दोन द्रावणं एकत्र करून मशीननं फवारायचं कोटिंग, वाळलं की जाड रबरासारखं, खरखरीत, पाय न घसरणारं, आणि पत्र्याला असं चिकटून बसणारं की खाली पाणी शिरायला जागाच नाही. "पायपानं धुवा," तो म्हणाला. "रक्त, शेण, डिझेल, काय बी सांडू द्या." मी त्यावर तळहात घासून पाहिला. म्हटलं, हेच. रंग कुठला, तर काळा.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, हे मला तुमच्या हयातीत विचारता आलं नाही. मी सहावीत आहे. आईला सातवा महिना आहे. सकाळी गोठ्यात म्हशीनं तिला ढुशी दिली. ती कशीबशी स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढं बसली आणि मला म्हणाली, "काय न्हाय गं, तव्यावरची भाकरी बघ." मी भाकरी उलटली आणि वळून पाहिलं, तर तिच्या लुगड्याखालून सारवलेल्या भुईवर रक्त पसरत चाललेलं. मी ओरडत अंगणात आले. जीप दारातच उभी होती. आदल्या दिवशीच तुम्ही पुण्याहून तिला तो गालिचा बसवून आणला होता, कारण कारखान्याची निवडणूक होती आणि तुमच्या पॅनेलचे साहेब दुसऱ्या दिवशी तुमच्या गाडीतून गावोगाव फिरणार होते. तुम्ही आत आलात, आईकडं पाहिलंत, भुईकडं पाहिलंत आणि दादाला म्हणालात, "गाडीत न्हाय. ट्रॅक्टर जोड."

दादा तेव्हा दहावीत होता. त्यानं ट्रॉलीत उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं टाकलं, त्यावर गोधडी, गोधडीवर आई. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बारामतीपर्यंतचा रस्ता तेव्हा कसा होता ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळते, आणि तोंडातून आवाज काढत नाही. आणि आबा, तुम्ही पुढं आहात. तुम्ही जीप घेऊन आमच्या पुढं निघालात, डॉक्टरांना आधी कळवायला म्हणून. जीप रिकामी. मागचा कनातीचा पडदा वर बांधलेला, आतला बदामी गालिचा मला ट्रॉलीतून दिसतोय, आणि तुमच्या चाकांची धूळ आईच्या तोंडावर येतेय. मी तिच्याच पदरानं तिचं तोंड झाकलं. मग पुढच्या वळणावर तुम्ही दिसेनासे झालात, कारण ट्रॅक्टर फार हळू चालला होता.

बाळ गेलं. मुलगी होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुमचे पॅनेलवाले जमले होते. त्यांच्यासमोर मी विचारलं, "आबा, जीप रिकामीच हुती की." तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "डाग पडला असता तर उद्या सायबाला कुठं बसवू? तुझ्या डोक्यावर?" दोघं-तिघं हसले. ते हसू मी अजून ओळखेन. आई घरी आल्यावर तुम्ही तिला नवी सोलापुरी चादर आणून दिलीत, खराब झालेल्या गोधडीच्या बदल्यात. तिनं ती घडीही न मोडता ट्रंकेत टाकली आणि तुमच्या पाहुण्यांसाठी पिठलं ढवळायला बसली. ती तुम्हाला कधी एक शब्द बोलली नाही. याचाही मला राग होता, आणि तो तिच्यावर होता.

ठिगळाची गोष्ट तर तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत. पुढच्या निवडणुकीत साहेब पुन्हा तुमच्या शेजारी बसले, आणि भर चौकात, हारतुरे चालू असताना, त्यांचा पाय पत्र्यातून खाली गेला. नडगी सोलली, धोतर फाटलं, बूट रस्त्यावर पडला, आणि अख्खा चौक हसला. साहेब तुमच्या गाडीत पुन्हा कधी बसले नाहीत. संचालकाच्या यादीतून तुमचं नाव गेलं ते गेलंच. तुम्ही पत्रा बनवणाऱ्यांना शिव्या घातल्यात, ठिगळ मारून घेतलंत, आणि साहेबांच्या वाड्यावर माफी मागायला इतक्या वेळा गेलात की शेवटी त्यांचा शिपाई तुम्हाला फाटकातूनच परत पाठवायला लागला. मला तेव्हा ते निव्वळ दैव वाटलं होतं.

परवा गॅरेजमध्ये जुना रंग घासून काढत होते तेव्हा मी मुद्दाम स्टूल घेऊन बसले. ड्रायव्हरच्या बाजूला, जिथं तुमची टाच टेकायची, तिथला पत्रा चकचकीत झाला होता. तिथं मी त्यांना जास्त घासायला लावलं. तेवढ्यात दादाचा फोन आला. गावात त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"आबांच्या गाडीला काळं फासतीस व्हय गं?"

"व्हय," मी म्हटलं. "फासते. आतून फासते. तुला काय म्हणायचं हाय?"

मला वाटलं, आता लोक काय म्हणतील ते ऐकवणार. पण तो म्हणाला, "ट्रॅक्टर मी चालवत हुतो. मला वाटत हुतं, जोरात न्यावा, तर आईला दणके बसत्यात. हळू न्यावा, तर..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. "जाड मार म्हणावं त्येला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

कोटिंग दोन दिवस वाळू दिलं आणि आज सकाळी मी आईला आणायला गेले. तिला माझ्याबरोबर डाळजला न्यायचं होतं, पुढच्या सीटवर बसवून, साहेबांच्या जागेवर. ती काठी टेकत आली, दार उघडलं, आणि चढायच्या आधी वाकून चपला काढायला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आई, चपला घाल. चिखलात बुडवून घाल. ते आता धुता येतं."

"असू दे गं. सवय हाय," ती म्हणाली आणि चपला मांडीवर घेऊन बसली.

कळस गाव येईपर्यंत मी नुसती गाडी हाकत राहिले. मला वाटत होतं, मी एवढं सगळं केलं आणि तुम्ही अजून तिच्या पायांत बसला आहात. शेवटी न राहवून म्हटलं, "तुला त्या माणसाचा कधी राग आलाच न्हाय का?"

ती खाली त्या काळ्या तळाकडं बघत होती. अंगठ्यानं तिनं तो जरा घासून पाहिला. "जीप पुसायचं काम माझं हुतं," ती म्हणाली. "गालिचा उचलायचा, मिठाचं पाणी वतायचं, परत हातरायचा. तुझ्या आबाला नुसता कुबट वास यायचा. म्या म्हणायची, हवा दमट हाय."

मला आधी कळलंच नाही. मग गॅरेजवाल्यानं सांगितलेला समुद्राजवळच्या गाड्यांचा गंज आठवला आणि कळलं. "किती दिवस?"

"दिवस कुठले? पुढची निवडणूक येस्तोवर. सायबाच्या जागंखाली जरा जास्त वतायची."

मी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते, हसता हसता रडत होते, आणि ती पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "अगं, मागं गाड्या हायत्या." बाळाला नाव ठेवलं होतं का, तेही मी आज पहिल्यांदा विचारलं. ठेवलं होतं. तिनं ते मला सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही, तुम्हाला ते कळायची गरज नाही.

मी तिला म्हटलं, "आबांना हे जिवंतपणी कळायला पाहिजे हुतं. माझ्या हातात असतं तर आत्ता पत्र लिहून कळवलं असतं."

"नगं," ती म्हणाली. आवाज शांत होता. "सायबाची माफी मागत मागत मेला त्यो. काय चुकलं ते न कळता. तसाच ऱ्हाऊ दे त्येला."

म्हणून हे पत्र कुठंच जाणार नाही. आईचं ऐकायचं आहे. तरी लिहून काढल्याशिवाय मला राहवलं नाही, आबा. तिच्याइतकी पक्की मी नाही.