एक क्रमांकाची दोरी

मी, ड्युगल्ड रँकिन, वय पंचावन्न, धंदा प्लंबिंगचा, राहणार ग्लेनकार्डी, एअरशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझं हृदय दमलं आहे. डोकं ठिकाणावर आहे की नाही याबद्दल फक्त माझी पत्नी एफी शंका घेते, आणि ती लग्नापासून घेते आहे. वकील टॉरन्स यांनी "मोजकं लिहा" असा सल्ला दिला. तो मी मानलेला नाही.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ एफीला. घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. ते तसंच राहू द्यावं; त्याच्याच जोरावर मी तेरा वर्षं सामन्याला वेळेवर पोहोचलो.

कलम २. धंद्याची सगळी अवजारं मुलगी शीना हिला. जावयाला नाही. माणूस भला आहे, पण त्याने एकदा माझ्या पान्याने खिळा ठोकला होता.

कलम ३. ग्लेनकार्डी थिसल फुटबॉल क्लबचा डावा विंगर म्हणून १९४६ ते १९५९ या काळात मी दोनशे त्रेचाळीस गोल केले. विंगरने खरं तर कडेने पळत जायचं आणि चेंडू मधे टाकायचा. गोल दुसऱ्यांनी करायचे. मला ते कधी जमलं नाही. चेंडू दिसला की माझा पाय पुढे जायचा. वर्तमानपत्रवाले याला प्रतिभा म्हणत. एफी म्हणायची, "ताटातला शेवटचा बटाटाही तू असाच उचलतोस." स्कॉटलंडकडून एकच सामना खेळलो. त्याबद्दल मिळालेली मखमली टोपी क्लबला द्यावी. चिटणीसांनी ती घालून फोटो काढू नये. त्यांचं डोकं मोठं आहे, निदान बाहेरून.

कलम ४. हे कलम विल्यम ऊर्फ वुली गॉल्ट याच्याविषयी. वुली माझ्या मागे डाव्या बाजूला खेळायचा. माझ्या बहुतेक गोलांचा चेंडू त्याच्याच पायातून आला. त्याचा स्वतःचा गोल एकही नाही. होऊ शकला असता, तो असा.

एप्रिल १९५४, कपचा उपांत्य सामना, गोल शून्य-शून्य, तीन मिनिटं शिल्लक. आठ वर्षांत कधी गोलकडे न बघितलेल्या वुलीने तीस यार्डांवरून फटका मारला. गोलरक्षक भलत्याच बाजूला आडवा झाला. चेंडू निवांत आत चालला होता. मी ऑफसाइड, म्हणजे नियमाने चेंडूला पाय लावता येत नाही अशा जागी, उभा होतो. नुसता उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. पण रेषेवर माझा पाय पुढे गेला आणि मी चेंडू आत ढकलला. लाइन्समनचं निशाण वर. गोल रद्द. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला आणि आम्ही घरी आलो.

इथवर ती चूक होती. पुढचं चूक नव्हे. त्या संध्याकाळी मी वार्ताहराला सांगितलं, "चेंडू बाहेर जात होता, मी प्रयत्न तरी केला." सोमवारी ते छापून आलं. तेव्हापासून, बावीस वर्षं, वुली माझ्याशी बोललेला नाही. खाटकाच्या दुकानात मी समोर असलो तरी तो खाटकाला सांगतो, "त्या गृहस्थांना सांगा, रांग माझ्या मागून सुरू होते."

मात्र त्यानंतरची पाच वर्षं तो माझ्या मागेच खेळला. तोंड बंद, पण पास चालू; आणि प्रत्येक पास नेमका डाव्या पायावर. त्या मुक्या पासांवर मी एकाहत्तर गोल केले आणि एकदाही मागे वळून आभाराचा हात वर केला नाही.

म्हणून शपथेवर लिहितो: चेंडू आत जात होता. मला ते तेव्हाच दिसलं होतं. तो गोल वुलीला द्यावा असं मी लिहिणार होतो, पण जी वस्तू अस्तित्वात नाही ती देता येत नाही, असं टॉरन्स म्हणतात.

कलम ५. देता येते ती गोष्ट देतो. मला पुरताना पेटी खड्ड्यात सोडायच्या आठ दोऱ्या आठ जण धरतील; कोणी कुठली धरायची ते घरचे चिठ्ठीवर क्रमांक लिहून कळवतात. कोणाला कितव्या क्रमांकाची चिठ्ठी मिळाली यावरून आमच्या गावात सख्खे भाऊ वर्षानुवर्षं रुसतात. एक क्रमांकाची, डोक्याकडची दोरी सर्वांत जवळच्या पुरुषाची. मला मुलगा नसल्याने भाऊ आर्ची ती स्वतःची धरून चालला आहे. नवे हातमोजेही घेऊन बसला आहे. एक क्रमांक वुली गॉल्टला. आर्चीला पाच. समजूत म्हणून आर्चीने माझी कबुतरं न्यावीत.

वुली आला नाही, तर ती दोरी मोकळी ठेवावी. पेटी थोडी तिरकी उतरेल. उतरू दे.

सही करण्यापूर्वीची नोंद. साक्षीदार म्हणून मी वुलीला टॉरन्स यांच्याकरवी बोलावलं. साक्षीदाराने फक्त सही बघायची असते. वुलीने चष्मा लावून सगळं वाचलं, कलम चार दोनदा. मग टॉरन्सना म्हणाला, "त्या गृहस्थांना विचारा..." आणि थांबला. माझ्याकडे वळला.

"बावीस वर्षं काय करत होतास रे, गाढवा?"

"तू आधी बोलशील म्हणून थांबलो होतो."

"वा! पासही मीच द्यायचे आणि बोलायचंही मीच?"

मी माफ कर म्हणालो. त्याने कागद स्वतःकडे ओढला. म्हणाला, "पेन कुठाय?"

ठिकाण: ग्लेनकार्डी. दिनांक: ९ मार्च १९७६.

(सही) ड्युगल्ड रँकिन

साक्षीदार:
१. मिस जीन ऑर, कारकून, टॉरन्स यांचं कार्यालय
२. विल्यम गॉल्ट, खाणकामगार. दोरी धरीन. घाई नाही.