चांदीला राखणदार हवा

३ फेब्रुवारी

आज फोनवर फजिती. चांदीची नाणी विकणाऱ्या कंपनीतली मुलगी विचारते, "मॅडम, तुमचा कस्टोडियन कोण?" मी म्हटलं, "मीच." पलीकडून मग हळूच, "म्हणजे?" मी म्हटलं, "प्राथमिक शाळा, कॅल्युमेट. सव्वीस वर्षं. आता निवृत्त झालेय."

तिला हसू आवरेना. मला वाटलं, चांदी देण्याआधी माणसाची नोकरी विचारत असतील. तर तसं नाही. निवृत्तीखात्यात सोनं-चांदी ठेवायची, तर ती मालकाच्या हातात राहू शकत नाही. मध्ये सरकारमान्य कंपनी लागते. खातं ती चालवते, कागद ती बघते, सरकारला उत्तर ती देते. शाळेची इमारत झाडून-पुसून सांभाळणाऱ्याला आमच्याकडे कस्टोडियन म्हणतात, तसंच तिलाही म्हणतात. मी जन्मभर शाळेच्या फरशा पुसल्या, बॉयलर पेटता ठेवला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडले — आणि माझ्याच चांदीला मी चालत नाही!

हसून झाल्यावर मात्र डोक्यात किडा शिरला. हा दुसरा कस्टोडियन दिवसभर करतो तरी काय?

७ फेब्रुवारी, शनिवार

रेनोकडे, माझ्या थोरल्या भावाकडे, तळघरात सॉना, म्हणजे वाफेची आंघोळ. नंतर वर कॉफी, वेलदोड्याचा निसू पाव, पत्ते. त्याला सगळं सांगितलं — शाळेच्या पेन्शनखात्यातला एक तुकडा काढून चांदीत घालतेय म्हणून. आमचा बाप तांब्याच्या खाणीत होता. खाण बंद झाली तेव्हा घरात कागद पुष्कळ होते, किंमत एकालाही नव्हती. तेव्हापासून मला हाताला जड लागणाऱ्या गोष्टी बऱ्या वाटतात.

रेनो म्हणाला, "परक्याच्या घशात फी कशाला घालतेस, बारके? माझी तिजोरी आहे ना खाली. मी होतो तुझा कस्टोडियन." सत्तरी ओलांडली तरी मी त्याची बारकीच.

तिजोरी सॉनाच्या भिंतीला लागून आहे, बंदुका ठेवायची, माझ्याहून उंच. आणली तेव्हा डॉरिस वहिनी म्हणाली होती, यात आता ठेवायचं काय, मला? वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. आज बऱ्याच दिवसांनी तो ताठ बसून बोलत होता. रेडिओवर कुणी ब्रेंट म्हणून आहे म्हणे, तो चांदी घरातच ठेवायची सोय करून देतो. "कायद्यात बसतं," रेनो म्हणाला. "तुझा कप्पा मोकळा करूनच ठेवतो."

त्याला काहीतरी सांभाळायला हवंय. हे मला कळतं.

१० फेब्रुवारी

पैसे थोडेच. पण दुसरे नाहीत.

१२ फेब्रुवारी

सकाळभर कस्टोडियन कंपन्यांना फोन. एक टेक्सासचे — फी टक्क्यांत, म्हणजे चांदी वाढली की फीसुद्धा वाढणार. तिथला माणूस घाईत होता, माझा दुसरा प्रश्न संपेपर्यंत त्याचं "आणखी काही?" सुरू. दुसरी साउथ डाकोटाची मार्लीस. फी ठरलेली, खातं लहान असो की मोठं. माझ्यासारखीला ती जराशी लागतेच, पण निदान आधी कळते.

मार्लीस म्हणाली, "चांदी घ्यावी की नाही, हे आम्ही सांगत नाही. आम्ही फक्त सांभाळतो. तेही खातं. चांदी असते डेलावेअरच्या कोठारात." मला हे आवडलं. मी तरी कुठे गणित शिकवत होते? इमारत उबदार ठेवायची आणि दारं लावायची.

मग तिने विचारलं, नाणी सरमिसळ ठेवू की वेगळी? सरमिसळ म्हणजे सगळ्यांची एकत्र. मागितली की तशीच मिळतील, पण तीच नाही. मला शाळेतली हरवलेल्या हातमोज्यांची पेटी आठवली. कुणी म्हणायचं, कुठलाही जोड द्या, हात गारठलेत. आणि कुणी रडून गोंधळ घालायचं, मला माझाच हवा, आजीने विणलेला. नाणी सगळी सारखी असतात, तरी मी म्हटलं वेगळी. जास्त पडतात. पडू देत.

शेवटी विचारलं, "कोठाराची किल्ली कोणाकडे असते?" "हे मला कुणी विचारलं नव्हतं," म्हणाली. "शोधून सांगते."

१३ फेब्रुवारी

मार्लीसचा फोन आला. किल्ली एकाकडे नसते. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही, आणि आत जाताना तिसरा बघत असतो. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्या तिसऱ्याचा विचार करत होते. त्याला कंटाळा येत असेल का?

१४ फेब्रुवारी, शनिवार

छपरावरचा बर्फ काढणारा आजही आला नाही. रेनोकडे गेले, पत्ते खेळले. क्रिबेजमध्ये, म्हणजे भोकांच्या पटावर खुंट्या सरकवत गुण मोजायच्या आमच्या पत्त्यांच्या खेळात, आज त्याला चोपलं. आपल्या हातातले गुण आपणच मोजून सांगायचे, आणि चुकून सोडले तर समोरच्याने "मगिन्स" म्हणून उचलायचे — बाबांनी घातलेला नियम, आम्ही आजवर सोडलेला नाही. लहानपणी रेनो मला या मगिन्सने रडवायचा. एक गुण सुटला की त्याचा हात पटावर हजर. आज त्याने तीनदा सोडले. बेरीज पंधरा होते अशी साधी पंधराची जोडी दिसली नाही त्याला. मी मजेत उचलले आणि घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

"कधी आणतेस चांदी? त्या ब्रूसला फोन केलास का?" म्हणाला.

"ब्रेंट."

"तेच ते. तुझा कप्पा मोकळा केलाय."

१९ फेब्रुवारी

ब्रेंटला फोन लावला. आवाज लोण्यासारखा. माझ्या नावाने कागदावर एक कंपनी काढायची, खातं त्या कंपनीचं मालक, कंपनी चांदीची मालक, आणि कंपनीची कारभारीण मी. म्हणजे चांदी माझ्या घरात, नाहीतर भावाच्या तळघरात. मी शाळेत कस्टोडियन होते म्हटल्यावर तर तो फुलूनच गेला. "बघा, तुमच्याहून अनुभवी कस्टोडियन कोण मिळणार?"

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी केक कापला, त्यावर माझ्या नावात एक अक्षर कमी होतं. त्यानंतर अनुभवी वगैरे मला हाच पहिला म्हणाला.

मग विचारलं, "उद्या सरकारने विचारलं तर?" म्हणे, आमचे वकील आहेत. "हे चालतं, असं तुम्ही लिहून द्याल?" तर त्याने मला चांदीचा पुढचा भाव सांगितला. पुन्हा विचारलं. त्याने हवामान काढलं. मिशिगनमध्ये बर्फ फार का, म्हणाला.

मार्लीसला लावला. ती म्हणाली, "मी सल्ला देत नाही." मग, "पण नियम वाचून दाखवू शकते." वाचला. खात्यातली चांदी मालकाच्या ताब्यात आली, तर सरकारच्या लेखी ती खात्यातून काढली. खातं मोडलं. सगळ्या रकमेवर त्याच वर्षी कर. मध्ये कागदाची कंपनी घातली म्हणून ताबा बदलत नाही.

म्हणजे ब्रेंट गेला उडत. पण रेनोला कसं सांगू? त्याने कप्पा मोकळा करून ठेवलाय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सॉना गार. चूल पेटवलीच नव्हती. "आज शनिवार?" म्हणाला. मीच लाकडं घातली. सांगायचं ते राहून गेलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

सॉनानंतर, त्याचे केस ओले असताना. म्हटलं, "रेनो, चांदी तुझ्याकडे ठेवता यायची नाही. माझ्याकडेही नाही. डाकोटावाल्यांना देतेय." त्याने कप खाली आपटला. "कायदा, कायदा! सख्ख्या भावावर भरवसा नाही असं सरळ सांग ना. डॉरिस असती तर बोलली असतीस असं?"

मला हे येणार ठाऊक होतं. म्हणून मी आईचा चांदीचा ब्रोच बरोबर नेला होता, तिच्या आईने फिनलंडहून आणलेला. रुमालातून काढून त्याच्यापुढे ठेवला. "हा खात्यातला नाही, माझा आहे. हा तू ठेव." त्याचा चेहरा असा खुलला की मलाच लाज वाटली, आधी का नाही सुचलं म्हणून. "चल," म्हणाला. "तुझ्या कप्प्यात ठेवू."

खाली गेलो. नेहमीप्रमाणे त्याने माझ्याकडे पाठ केली, तिजोरीच्या आकड्यांच्या चकतीवर हाताचा आडोसा धरला. चकती फिरली. थांबली. उलटी फिरली. दांडा ओढला, हलला नाही. पुन्हा. मी ब्रोच मुठीत धरून उभी. पुन्हा. मग आडोसा धरलेला हात त्याने खाली सोडला.

वळला नाही. भिंतीकडे बघूनच बोलला, "बारके, आपण कुठला नंबर ठेवला होता गं?"

तो नंबर मला कधीच माहीत नव्हता. वहिनीलाही नव्हता. त्यावरून तो मिरवायचा.

मी म्हटलं, "थंडीने अडकलं असेल."

"हो," तो म्हणाला. "थंडीने."

शेजारची सॉनाची भिंत हाताला भाजत होती. नंबरच आठवत नाही, म्हणजे कप्पा त्याने कधी मोकळा केलाच नव्हता. की केला असं त्याला खरंच वाटतंय? ब्रोच परत घेऊन आले.

२ मार्च

ब्रूस. गार चूल. पंधराची जोडी. आणि मी मगिन्स, मगिन्स म्हणत त्याचे गुण उचलत बसले होते. शीळ घालत!

सव्वीस वर्षं शाळेत कुठल्या नळाला पाझर लागलाय ते मला लांबून कळायचं. घरच्या माणसाचं कळलं नाही. रडले जरा. मग स्वयंपाकघर धुऊन काढलं.

७ मार्च, शनिवार

आज ठरवून गेले होते, मगिन्स म्हणायचं नाही.

दुसऱ्याच हाताला त्याने चार गुण सोडले. मी बघितलं आणि मुकाट्याने पत्ते गोळा करायला हात पुढे केला. त्याने माझा हात धरला. पत्ते परत उलगडले, एकेकावर बोट ठेवत, ओठ हलवत मोजले. त्याला वेळ लागला. मी थांबले.

"मगिन्स का नाही म्हणालीस?"

मी त्याच्या कपात कॉफी ओतली.

"साठ वर्षांत तू मला एक गुण सोडला नाहीस." मग खालच्या आवाजात, "तिजोरीपासून ना? तेव्हाच कळलं तुला."

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"हिवाळ्याच्या आधी." पत्ते नीट एकावर एक लावत होता. "मला वाटलं, तुझी चांदी आली की रोज उघडावी लागेल. रोज उघडली की नंबर येईल परत."

मग म्हणाला, "उचल ते चार. बाबांचा नियम आहे." उचलले. त्याच्या समाधानासाठी पटावरची खुंटी पुढे सरकवली. डोळ्यांपुढची भोकं मला नीट दिसत नव्हती.

१२ मार्च

मार्लीसचे कागद आले. डाकोटाच ठरलं. सही केली. एका जागी विचारलंय — तुमच्याशी बोलणं झालं नाही, किंवा तुमचं बोलणं वेगळं वाटलं, तर कोणाला फोन करावा? विश्वासातलं माणूस.

महिन्यापूर्वी पेन न थांबता रेनो लिहिलं असतं. आज पेन तसंच धरून बसले. शेवटी ग्रीन बे शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलीला, जोनीला फोन केला. "तुझं नाव घालू का गं?"

"घाल की. पण आत्या, बाबा कसा आहे? फोनवर तेच तेच सांगतो."

"तू ये," म्हटलं. "डॉक्टरकडे तू बरोबर असलीस तर तो जाईल."

येतेय पुढच्या आठवड्यात.

१५ मार्च

शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा परत केला त्याला पाच वर्षं झाली. मागच्या दाराशेजारी त्याचा खिळा तसाच आहे. घरात शिरलं की अजून हात तिकडे जातो, आणि रिकामाच परत येतो. आज दोनदा गेला.

मार्लीस म्हणाली, नाणी पोचायला थोडे दिवस लागतील. पोचली की वेगळ्या कप्प्याचा आकडा कळवते. म्हटलं, लिहूनच पाठव बाई.

१७ मार्च

रेनो सकाळी आला. चालत. एवढ्या बर्फातून. बूट झाडले, आत आला, ट्रकच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"कस्टोडियन लागतो म्हणालीस ना," म्हणाला. "फी टक्क्यांत घेतेस का ठरलेली?"

किल्ल्या खिळ्याला लावल्या.