बेटावरचं सहावं ग्रीन

तावाकी बेट, न्यूझीलंड
१२ जानेवारी २००४

ति. बाबांस,
अनुराधाचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. पापाकुरातलं घर सोडून सहा महिन्यांसाठी या बेटावरच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले आहे. इथे दीडशे माणसं, एक डेअरी (म्हणजे वाण्याचं दुकान, दूध बहुधा संपलेलं) आणि गोल्फचं मैदान आहे.

तुम्ही पुण्यात एकतीस वर्षं गोल्फच्या मैदानावर माळी होतात, म्हणून मी पहिल्याच रविवारी बघायला गेले आणि थक्क झाले. फक्त सहा होल, तिन्ही बाजूंना समुद्र. माळी नाहीच. खेळणारेच गवत कापतात, उरलेलं मेंढ्या खातात. मासेमारांनी आणि लोकर कातरणाऱ्यांनी १९२९ साली खडक फोडून ते केलं. सहाव्या ग्रीनची, म्हणजे शेवटच्या होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची, वाळू बायकांनी किनाऱ्यावरून पोत्यांतून वर आणली. त्यांत हेमीकाकांची आई होती. काका आता ८१ वर्षांचे, माझे पेशंट. दम लागतो, तरी रोज त्या ग्रीनपर्यंत चालतात.

१० एप्रिलला मैदानाची पंचाहत्तरी आहे. पण तेच सहावं ग्रीन जागोजाग करपलंय. रोज पाणी घालतात, तरी करपणं वाढतंच. कमिटी म्हणते, समारंभ पाच होलांवर उरकू. काकांनी दोन दिवस जेवण टाकलं. तुम्हाला काही सुचतं का?

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहेच, ती अशीच राहू द्या.
आपली,
अनुराधा

पुणे
२६ जानेवारी २००४

चि. अनुराधास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. खेळणारे स्वतः गवत कापतात हे शेजारच्या काशिनाथला सांगितलं, तर तो म्हणाला की पोरगी तुमची चेष्टा करते. मी म्हणालो, ती गवताच्या बाबतीत करणार नाही.

करपलेल्या जागी लांब सुरी खुपस. वरून ओली आणि आत कोरडी फुफाटा माती निघाली, तर पाणी आत जातच नाही, वरून वाहून जातं. वाळूच्या जमिनीला हा रोग होतो. बागकामाच्या दातेरी काट्याने चार-चार बोटांवर भोकं पाडा. पाण्यात थोडा साधा साबण विरघळवून, पहाटे, थोडं-थोडं, तीनदा द्या. नंतर साधं पाणी. महिनाभर गवत बारीक कापायचं नाही, आणि मेंढ्या लांब. गवताला घाई चालत नाही, हे त्या काकांना सांग.

तू नर्स आहेस, हाही पेशंटच समज.
तुझे,
बाबा

तावाकी बेट
२२ फेब्रुवारी २००४

ति. बाबांस,
शि. सा. न.

सुरी कोरडी निघाली. तुमचं पत्र मी कमिटीला इंग्रजीत वाचून दाखवलं. साबण ऐकून दोघे हसले. हेमीकाका हसले नाहीत. ते म्हणाले की नर्सबाईच्या बापाने माती न बघता ओळखली, आता वाद पुरे. दुसऱ्या दिवशी पहाटे चाळीस माणसं बागकामाचे काटे घेऊन हजर. शाळेच्या बाई, बोटीचा कॅप्टन, सगळे गुडघ्यांवर. मीही होते.

अजून हिरवं काही दिसत नाही. काकांचं हृदय थकलंय, पंचाहत्तरीपर्यंत ते तग धरतील का ही काळजी आहे. त्यांना मात्र काळजी फक्त ग्रीनची.

आठवण ठेवावी.
अनुराधा

तावाकी बेट
१३ एप्रिल २००४

ति. बाबांस,
शि. सा. न.

बाबा, ते आलं. मार्चच्या मध्यावर भोकांभोवती पोपटी ठिपके दिसले, आणि पंचाहत्तरीला ग्रीन अखंड होतं.

बोटी भरून माणसं आली. रिवाजाप्रमाणे पहिला चेंडू सगळ्यांत वडील सभासदाचा, म्हणजे हेमीकाकांचा. त्यांनी आदल्या दिवशी मला विचारलं होतं की तुमचे वडील कसे खेळतात. मी खरं ते सांगितलं, की पुण्यात माळ्यांना गोल्फची काठी हातात घ्यायची मुभा नव्हती, बाबांनी आयुष्यात एकही चेंडू मारलेला नाही.

समारंभात त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. मग पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या खुंटीवर, एक चेंडू ठेवला आणि म्हणाले, हा नर्सबाईच्या वडिलांचा, दीनानाथांचा, ते येतील तेव्हा मारतील. बाजूला दुसरा ठेवून स्वतः खेळले. दोनशे माणसं उभी होती, बाबा. मग सगळे त्या चेंडूच्या बाजूनेच खेळले. काकांनी सहा होल पुरे केले. शेवटच्या ग्रीनवर बसून त्यांनी गवतावर तळहात ठेवला.

चेंडू अजून तिथेच आहे. वाऱ्याने दोनदा पडला, दोनदा कुणीतरी परत ठेवला.

अनुराधा

पुणे
२८ एप्रिल २००४

चि. अनुराधास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी फिरायला निघालो, तो पार जुन्या मैदानाच्या कुंपणापर्यंत गेलो. आत गेलो नाही. कुंपणाबाहेरूनच गवत पाहिलं. बरं ठेवलंय.

हेमीरावांना माझा नमस्कार सांग. आज पासपोर्टचा अर्ज दिला. त्यांना म्हणावं, औषधं चुकवू नका, मी येईपर्यंत थांबा. चेंडू माझ्याकडून लागेल की नाही, देव जाणे. पण आयुष्यभर ग्रीनवरून वाकून चाललो, एकदा ताठ चालून बघायचंय. तिथे अनवाणी चाललं तर चालतं का, तेवढं विचारून ठेव.

तुझे,
बाबा