सलामीची दुसरी जागा

प्रिय बाबा,

"सलामीला कोन जायचं ते बायकांनी सांगायचं न्हाय." तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी नववीत होते. हातात तुमच्या मंडळींच्या चहाचा ट्रे होता. मी फक्त एका डावखुऱ्याचं नाव घेतलं होतं.

आज लिहितेय, कारण उद्या तुमचं वर्षश्राद्ध आहे आणि मधुकाकाला तुमचा संघ हवाय. धाकटा भाऊ तुमचा, तुमच्या नावाने टेनिस बॉलच्या मॅची भरवतोय. धामणकर नाक्यावर बॅनर लागणार. एका बाजूला तुमचा फोटो, दुसऱ्या बाजूला तुमचा भारताचा सार्वकालिक संघ. म्हणाला, "तू पेपरात लिवतेस ना, तूच लिवून दे. पन सलामीला एकच नाव टाक. दुसरी जागा कोरी. दादूसची तशीच मर्जी होती."

होतीच. शुक्रवारी लाईट बंद, म्हणून कापडाचे लूम बंद, म्हणून निजामपुऱ्यातल्या आपल्या शेडच्या दारात तुमची निवड समिती. खालचे नऊ जण वाद घालून का होईना, ठरायचे. सलामीला तुमचा तो एक पक्का. मग लूम दुरुस्त करणारा आपला जॉबर मुद्दाम विचारायचा, "सेठ, दूसरा ओपनर कौन?" तुम्ही म्हणायचात, "अभी पैदा नहीं हुआ." सगळे हसायचे.

एकटा माणूस सलामीला जातो कसा, बाबा? समोरच्या टोकाला कोणी उभं नसेल तर पंच खेळ सुरूच करत नाहीत.

पण घरातही तुम्ही तसेच खेळलात. काल्हेरचं शेत विकलंत. आई तिथे दरवर्षी लावणीला उतरायची. तिला कधी कळलं? त्या जागेवर बांधलेल्या गोडाऊनसमोर ट्रक उभे राहिले तेव्हा.

आणि दहाव्याला तर कमाल केलीत. खाडीवर पिंडाला कावळा शिवेना. मी हात जोडून म्हणाले, आईला सांभाळीन. तुम्ही आला नाहीत. काका म्हणाला, शेड विकणार न्हाय. तरी नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी काका म्हणाला, "दादूस, तुझा संघ कोन बदलनार न्हाय." आणि आलात!

लोक कौतुकाने हसले. आई घरी वाट बघत होती. "काय म्हटल्यावर शिवला?" तिने विचारलं. काकाने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. ती "बरं" म्हणाली आणि पानं वाढायला वळली. ते "बरं" तुम्ही ऐकायला हवं होतं.

मला तुमची आठवण येते. त्याचाही राग येतो.

आज सकाळी ती वाल सोलत बसली होती. मी सहज विचारलं, "आई, दुसरा ओपनर कोण घालू?" हात न थांबवता तिने एक नाही, दोन नावं सांगितली. त्यात तुमचा तो नाही. माझा डावखुराही नाही.

"हीच दोघं का गं?"

"एकमेकांना धावबाद करत न्हाईत. एकानं हाक मारली की दुसरा आयकतो. तुझ्या बापाचा तो लय भारी, पन समोरच्याकडं बघतोय कवा?"

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कोनी?"

म्हणून सांगते. बॅनरवर आईची जोडी जाणार. काकाने दिलेला शब्द मी मोडणार आहे आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. तुमच्या त्याला काढलेलं नाही, बारावा गडी केलंय. दोघांना पाणी नेऊन देईल. तेव्हा तरी समोरच्याकडे बघावं लागेल. काका कितीही ओरडला तरी ही नावं मी बदलणार नाही, हे माझं वचन.

आता एकच मागणं. उद्या गच्चीवर तुमचं पान ठेवायला मी जाणार नाही, आई जाईल. ती काही कबूल करणार नाही, संघाचं नावही काढणार नाही. नुसती उभी राहील. तेवढ्यावर या. तिला उन्हात ताटकळत ठेवू नका.

तुम्ही समोरच्या पत्र्यावर मान फिरवून बसणार, हे मला ठाऊक आहे. तरीही या.

तुमची,
वंदना